नैराश्यावरील औषधे : सर्पगंधेपासून ‘मानस’पर्यंत

महाराष्ट्राच्या किनारपट्टीचे दक्षिण टोक म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात असलेले रेडी हे गाव. रेवस-रेडी सागरी मार्गामुळे त्याचे नाव राज्यभर परिचित आहे. लोहखनिजाच्या खाणी, लहानसे बंदर, यशवंतगड आणि द्विभुज गणपतीचे देऊळ ही त्याची ओळख. गावाच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी आहे आणि खाडीपलीकडे गोवा. दुखणे वाढले की रोग्याला खाडी ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे, ही या भागातील नेहमीची रीत.

शरीराच्या दुखण्यासाठी माणसे खाडी ओलांडतात. मनाच्या दुखण्यासाठी मात्र ती सहसा घराबाहेरही पडत नाहीत. झोप लागत नाही, भूक नाही, अंगात ताकद नाही, छातीत धडधडते, कशात लक्ष लागत नाही, अशी तक्रार महिनोन्‌महिने चालते. कोणी शक्तीच्या सलाईनसाठी जातो, कोणी देवाला कौल लावतो. क्वचित एखाद्या डॉक्टरने नैराश्यावरची गोळी लिहून दिलीच, तर ती आठ दिवसांत बंद होते. ‘काही गुण आला नाही’, ‘सवय लागेल म्हणून सोडली’, ‘शेजारणीला लागू पडली ती मी पण घेतली’, ही वाक्ये केवळ कोकणात नव्हे, कोणत्याही जिल्ह्यात ऐकू येतील.

गंमत अशी, की या गोळ्या कशा द्याव्यात, किती दिवस द्याव्यात आणि त्यांच्या जोडीला काय द्यावे, याविषयी जगभर ज्यांचा दाखला दिला जातो असे काही प्रयोग रेडीपासून फार दूर नव्हे, गोव्याच्या सरकारी दवाखान्यांत आणि आरोग्यकेंद्रांत झालेले आहेत. त्या प्रयोगांपर्यंत येण्याआधी या औषधांचा सुमारे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण ‘एकदम बंद करू नका’, ‘इतर औषधांबरोबर विचारल्याशिवाय घेऊ नका’ अशा ज्या सूचना आज डॉक्टर देतात, त्यांतील प्रत्येक सूचना कधीतरी, कोठेतरी, कोणाला तरी झालेल्या त्रासातून शिकलेली आहे. ती कशी शिकली हे समजले की ती पाळणे सोपे जाते.

सर्पगंधा आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय

या कथेचा आरंभ एका भारतीय वनस्पतीपासून होतो. सर्पगंधा हे लहान झुडूप सह्याद्रीच्या आणि कोकणच्या ओलसर जंगलांत आढळते. अडकई या नावानेही ते ओळखले जाते. त्याचे मूळ उन्मादावर आणि निद्रानाशावर देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा उपयोग उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर होतो असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली आणि जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनी मुळीतील मुख्य क्रियाशील द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन.

रिसर्पिनने रक्तदाब उतरे. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते, रडू येते, अशा नोंदी होऊ लागल्या. याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत असे आढळले की रिसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. एका चेतापेशीकडून दुसऱ्या चेतापेशीकडे संदेश नेणारी जी रसायने आहेत, त्यांपैकी हे एक. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पुष्कळांनी निष्कर्ष काढला, की ही रसायने कमी झाली की नैराश्य येते.

निष्कर्ष सुटसुटीत होता. वस्तुस्थिती तितकी सुटसुटीत नव्हती. त्याच १९५५ मध्ये लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रिसर्पिन आणि औषध नसलेली तशीच गोळी देऊन तुलना केली. रिसर्पिन घेणाऱ्यांना उलट अधिक बरे वाटले! हा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, पण प्रचलित कल्पनेत बसत नसल्याने त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. या प्रसंगाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

व्यवहाराच्या दृष्टीने येथून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याने सर्पगंधायुक्त औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, अशी सूचना आजही दिली जाते.

क्षयरोग्यांच्या वॉर्डातील शोध

नैराश्यावरील पहिले औषध क्षयरोगाच्या संशोधनातून, अनपेक्षितपणे सापडले. १९५१-५२ मध्ये न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांवर आयसोनियाझिड आणि त्याचा जवळचा नातेवाईक आयप्रोनियाझिड यांची परीक्षा चालू होती. दुसरे औषध घेणारे रुग्ण विलक्षण उत्साही दिसू लागले. फुप्फुसात अजून रोग असताना ते जेवू लागले, हसू लागले. याच वर्षी असे दिसून आले की आयप्रोनियाझिड हे मोनोअमिन ऑक्सिडेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन यांसारख्या संदेशवाहक रसायनांची विल्हेवाट लावणे हे या विकराचे काम. १९५७ मध्ये नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन गुण आल्याचे जाहीर केले आणि त्याचा वापर झपाट्याने वाढला.

मग धोके दिसू लागले. काही रुग्णांना कावीळ झाली, यकृत बिघडले. १९६१ मध्ये अमेरिकेत आयप्रोनियाझिड बाजारातून काढून घेण्यात आले. त्याच गटातील दुसरी औषधे वापरात राहिली, पण त्यांच्यामुळे काही रुग्णांचे डोके अकस्मात असह्य दुखे आणि रक्तदाब भयंकर चढे. कारण कळेना. तेव्हा इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एका औषधविक्रेत्याने पत्र लिहून कळवले, की आपली पत्नी हे औषध घेते आणि तिने चीज खाल्ले की हा त्रास होतो. मॉडस्ली रुग्णालयातील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी या सूचनेचा पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये ती खरी असल्याचे दाखवून दिले. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य असते. एरवी आतड्यातील व यकृतातील तेच विकर त्याचा निकाल लावते. औषधाने विकर अडवले की टायरामिन थेट रक्तात शिरते आणि रक्तदाब चढवते. मुरवलेल्या आणि नीट न साठवलेल्या सुक्या मासळीतही टायरामिन असू शकते, हे कोकणातील वाचकांना सांगावयास हवे.

या गटातील औषधे आज क्वचितच दिली जातात. परंतु त्यांनी शिकवलेला धडा जुना झालेला नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज लिनेझोलिड हे औषध वापरतात. तेही मोनोअमिन ऑक्सिडेजला सौम्य प्रमाणात अडवते. हे औषध आणि नैराश्यावरील आजची गोळी एकत्र आली, तर शरीरात सेरोटोनिनचा परिणाम अतोनात वाढून थरथर, ताप, घाम, भ्रम अशी गंभीर अवस्था होऊ शकते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही ही काळजी घ्यावी लागते. म्हणून ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा डॉक्टरांचा प्रश्न उपचारातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. तेथे क्षयाच्या गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या, काढे आणि मुळ्या हे सगळे सांगावयाचे असते.

इमिप्रमिन : वाट पाहण्याचा धडा

दुसरा शोध स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन या गावातील मनोरुग्णालयात लागला. तेथील डॉ. रोलँड कून यांच्याकडे गायगी कंपनीने एक रसायन तपासणीसाठी पाठवले होते. भ्रमिष्ट रुग्णांना शांत करणाऱ्या क्लोरप्रोमाझिन या औषधाशी त्याची रचना मिळतीजुळती होती. फरक थोडासा. मधल्या वलयातील गंधकाच्या जागी दोन कार्बन अणूंचा पूल आणि क्लोरीन नाहीसा. एवढ्या बदलाने गुणधर्म पालटले. भ्रमिष्ट रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. काही तर अधिकच अस्वस्थ झाले. पण १९५६ च्या प्रारंभी कून यांनी ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि ते सुधारू लागले. १९५७ मध्ये त्यांनी पहिल्या ४० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. झुरिचच्या जागतिक परिषदेत त्यांचे व्याख्यान ऐकायला मोजकीच माणसे हजर होती. ते औषध म्हणजे इमिप्रमिन. तीन वलयांच्या रचनेमुळे या गटाला ट्रायसायक्लिक म्हणतात.

या औषधांचा एक विशेष लवकरच ध्यानात आला. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, गुंगी हे त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होत; मनाला बरे वाटण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागत. नंतर आलेल्या औषधांतही हे अंतर पुष्कळसे राहिले आहे. अर्धशिशीच्या वा तापाच्या गोळीसारखा तासाभरात गुण येईल या अपेक्षेने जो ही गोळी घेतो, त्याला पहिल्या आठवड्यात केवळ त्रासच दिसतो आणि तो ती सोडून देतो. ‘गुण आला नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

१९५९ पर्यंत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. इमिप्रमिन एकाएकी थांबवले तर मळमळ, चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते. म्हणजे शरीर औषधाला सरावलेले असते आणि त्याला हळूहळू मोकळे करावे लागते. याला व्यसन म्हणणे बरोबर नाही. व्यसनात ओढ लागते आणि मात्रा वाढवावीशी वाटते. येथे तसे होत नाही. खऱ्या अर्थाने सवय लागण्याचा धोका आहे तो अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांचा. आपल्याकडे या दोन्ही प्रकारांना सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात, आणि त्यामुळे दुहेरी नुकसान होते. जी गोळी कित्येक महिने घ्यायला हवी ती सवयीच्या भीतीने लोक सोडतात, आणि जी थोडेच दिवस घ्यायची ती वर्षानुवर्षे चालू ठेवतात.

चिंताविकाराशी या औषधांचा संबंधही याच काळात कळला. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांनी काही रुग्णांना इमिप्रमिन दिले. त्यांना अचानक धडधड, गुदमरल्यासारखे होणे आणि आता आपण मरणार अशी भीती यांचे झटके येत आणि ते परिचारिकेकडे धावत. काही आठवड्यांनी ते म्हणत, ‘काही फरक नाही’. पण परिचारिकांच्या ध्यानात आले की ते आता धावत येत नाहीत. १९६२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांतून, नैराश्यावरील औषध चिंतेच्या झटक्यांवरही उपयोगी पडते हे उघड झाले. सुधारणा रुग्णाच्या आधी सोबतच्यांना दिसते, हा अनुभव आजही येतो. चिंतेच्या रुग्णांना प्रारंभी या औषधाने अस्वस्थता थोडी वाढल्यासारखी वाटते, म्हणून डॉक्टर अगदी लहान मात्रेने सुरुवात करतात.

ट्रायसायक्लिक औषधांचा मोठा दोष म्हणजे ती हृदयाच्या स्पंदनांवर परिणाम करतात आणि उपयोगाची व अपायाची मात्रा यांत अंतर कमी असते. म्हणून ती थोड्या दिवसांपुरतीच आणावीत व घरातील जबाबदार माणसाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असा नियम झाला.

या गटात मुंबईचाही एक वाटा आहे. गोरेगाव येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या सीबा संशोधन केंद्रात भारतीय रसायनज्ञांनी नायट्रोक्साझेपिन हे औषध घडवले. त्याची बाजूची साखळी इमिप्रमिनसारखीच, पण मधले वलय वेगळे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ते ‘सिंटामिल’ या नावाने भारतीय बाजारात आले. भारतातील प्रयोगशाळेत जन्मून रुग्णापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या नव्या औषधांपैकी ते एक होय.

फ्लुऑक्सेटिन आणि त्यानंतर

ट्रायसायक्लिक औषधे अनेक ठिकाणी एकदम काम करतात, म्हणून त्यांचे अनुषंगिक परिणामही अनेक. केवळ सेरोटोनिनचे पुनर्शोषण अडवणारे, म्हणजे चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन तिला लगेच परत घेऊ न देणारे औषध मिळाले तर? स्वीडनचे अर्विड कार्लसन यांच्या प्रयत्नांतून असे पहिले औषध, झिमेलिडिन, १९८२ मध्ये आले. पण काही रुग्णांत मज्जातंतूंचा पक्षाघात दिसल्याने १९८३ मध्येच परत घ्यावे लागले. अमेरिकेत एली लिली कंपनीतील ब्रायन मोलॉय, डेव्हिड वाँग आणि रे फुलर यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लुऑक्सेटिनला तेथे डिसेंबर १९८७ मध्ये परवानगी मिळाली. पुढे सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही भावंडे आली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनपद्धतीला पेटंट होते, औषधाला नव्हते. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी फ्लुऑक्सेटिन निराळ्या पद्धतीने, स्वस्तात बनवले. गोव्यातील प्रयोग शक्य झाले त्यामागे हेही एक कारण आहे.

ही औषधे हृदयाला तुलनेने पुष्कळ सुरक्षित आहेत, पण निर्दोष नाहीत. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, लैंगिक इच्छा मंदावणे हे त्रास होतात. अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेनबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वृद्धांत, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, रक्तातील सोडियम उतरून गोंधळल्यासारखे होऊ शकते. ज्याला पूर्वी अतिउत्साहाचे, उन्मादाचे झटके आले आहेत त्याला केवळ नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. तो इतिहास डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००४ ची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २४ प्रयोगांतील सुमारे ४४०० मुलामुलींची माहिती एकत्र केली. औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन सुमारे ४ टक्के, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले. या प्रयोगांत एकही मृत्यू झाला नव्हता. तरीही वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचा आदेश निघाला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. याचा अर्थ मुलांना औषध देऊ नये असा नव्हे. त्याच २००४ मध्ये ४३९ किशोरवयीन रुग्णांवरील एका अमेरिकी प्रयोगात बारा आठवड्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण असे होते : औषध नसलेली गोळी ३५ टक्के, केवळ बोलण्याचे उपचार ४३ टक्के, केवळ फ्लुऑक्सेटिन ६१ टक्के, दोन्ही मिळून ७१ टक्के. इशाऱ्याचा खरा अर्थ एवढाच, की पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलताना मुलाकडे कोणीतरी रोज लक्ष ठेवले पाहिजे.

आता १९५५ च्या त्या दुर्लक्षित प्रयोगाकडे पुन्हा पाहू. ‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे वाक्य जाहिरातींतून घरोघर पोहोचले. पण २०२२ मध्ये आजवरच्या पुराव्यांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या कल्पनेला सुसंगत आधार आढळला नाही. मग औषधे निरुपयोगी ठरतात काय? नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ प्रयोगांतील १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात तपासलेली २१ ही औषधे औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. मात्र सरासरी फरक माफकच होता. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप येतो असे आपण म्हणत नाही. औषध चालते हे एक विधान, आजाराचे कारण कळले हे दुसरे. वर्गात हा फरक समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

खाडीपलीकडचे प्रयोग

१९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. अंगदुखी, थकवा, झोप नाही अशा तक्रारी घेऊन सामान्य दवाखान्यात येणाऱ्या, पण मुळात नैराश्य वा चिंता असलेल्या माणसाला काय द्यावे? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन जिल्हा रुग्णालयांतील ४५० प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला बोलण्याचे उपचार. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिनचा गट औषध नसलेल्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. बोलण्याच्या उपचारांचा तेथे वेगळा लाभ दिसला नाही. स्वस्त भारतीय गोळी साध्या सरकारी दवाखान्यात उपयोगी पडते, हे सिद्ध झाले.

पण गोळी नियमाने कोण घेणार आणि ती घेतली जाते की नाही हे कोण पाहणार? या प्रश्नातून पुढचा, कितीतरी मोठा प्रयोग उभा राहिला. त्याचे कोकणी नाव ‘मनशांती सुधार शोध’, संक्षेपाने ‘मानस’. १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने त्यात होते. रुग्ण होते २७९६. सर्वच ठिकाणी रुग्णाला नैराश्य वा चिंताविकार असल्याचे डॉक्टरांना कळवले जाई आणि उपचाराची मार्गदर्शिका दिलेली असे. म्हणजे गोळी लिहून देणे सगळीकडे शक्य होते. फरक एवढाच, की निम्म्या ठिकाणी एक जास्तीची व्यक्ती होती. ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. ती होती थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक समुपदेशक. ती रुग्णाशी त्याच्या भाषेत बोले. ‘मानसिक रोग’ हा शब्द न वापरता ताणाविषयी, ‘टेन्शन’विषयी बोले. झोप आणि श्वास यांविषयी साधे उपाय सांगे. मध्यम व तीव्र त्रास असेल तर डॉक्टर गोळी देत आणि ती चालू राहील याचा पाठपुरावा ही समुपदेशक करी. अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ ठराविक काळाने येत.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत आलेल्या आणि विकार निश्चित असलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेले असे : समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखेच, आणि चांगले आले. याचा एक संभाव्य अर्थ असा, की गावातील नेहमीचा डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो आणि पुन्हा पुन्हा भेटतो. समुपदेशक जे काम करते, ते तेथे काही अंशी आधीच होत असते.

याच संस्थेने पुढे गोव्यातील १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर आणखी एक प्रयोग केला. त्यात प्रशिक्षित सामान्य समुपदेशकाने रुग्णाला रोजच्या, आवडीच्या आणि उपयोगाच्या कामांकडे टप्प्याटप्प्याने परत आणायचे होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा उपायही गुणकारी ठरला. २००३ मध्ये बोलण्याच्या उपचारांना जे यश मिळाले नव्हते, ते वेगळी पद्धत घेऊन येथे मिळाले.

घरात आणि शाळेत

प्रस्तुत लेखक संशोधक आहे, रुग्ण तपासणारा वैद्य नाही; म्हणून येथे कोणत्याही औषधाची मात्रा दिलेली नाही. ती ठरवणे डॉक्टरांचेच काम आहे. कायद्यानेही ही औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. वरील इतिहासातून जे निघते ते मात्र कोणालाही सांगता येईल :

१. गोळी रोज, ठरलेल्या वेळी घ्यावी. गुण येण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. पहिल्या आठवड्यातील त्रास बहुधा ओसरतो. ओसरला नाही तर डॉक्टरांना सांगावे, आपणहून सोडू नये.

२. बरे वाटले म्हणून लगेच थांबवू नये. बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवतात आणि मग सल्ल्याने हळूहळू कमी करतात. गरोदरपणातही परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

३. चालू असलेले प्रत्येक औषध, काढा, मुळी डॉक्टरांना सांगावी. दारू टाळावी, फेणी आणि हुर्राकही त्यात आलेच.

४. दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आपली दुसऱ्याला देऊ नये. औषध घरातील एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावे.

५. पंचविशीच्या आतील रुग्णाकडे पहिले काही आठवडे विशेष लक्ष द्यावे. एकाएकी वाढलेली तगमग, चिडचिड, झोप उडणे किंवा जिवाविषयी निराशेचे बोल दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शेवटच्या मुद्द्याविषयी शिक्षकांच्या मनात एक भीती असते. आत्महत्येविषयी विचारले तर मुलाच्या डोक्यात तो विचार शिरेल काय? संशोधनाने या भीतीला आधार दिलेला नाही. शांतपणे, एकांतात, सरळ विचारावे. मूल बहुधा मोकळे होते. नंतर त्याला एकटे न सोडता पालकांना आणि डॉक्टरांना सोबत घ्यावे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क चालते.

बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, पण रेडीच्या माणसाला ते दूर; शिवाय तेथे जायचे म्हणजे ‘वेडा’ ठरायचे, ही भीती. ‘मानस’ प्रयोगात जी समुपदेशक होती, ती याच मातीतील, थोडे शिकवून तयार केलेली होती. दर आठवड्याला ‘गोळी घेतलीस का, झोप कशी आहे, काही त्रास?’ असे विचारणारे माणूस गावात मिळणे अशक्य नाही. आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती, घरातील मोठी बहीण यांपैकी कोणीही ते काम करू शकते. आणि विद्यार्थी असेल तर ते काम शिक्षकांचेही आहे.